भरतीआधीचा आजार

आज धनत्रयोदशी. नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा मिळणार नाही. भांड्यांची दुकाने पार रस्त्यापर्यंत आली आहेत, पितळेच्या समया आणि स्टीलचे डबे दोरीला टांगले आहेत, हातगाड्यांवर पणत्यांचे ढीग लागले आहेत. दिवेलागणीला घरोघरी धन्वंतरीपुढे धणे-गुळाचा नैवेद्य ठेवला जाईल. लक्ष्मीपूजन त्यानंतर आहे. आधी आरोग्याचे स्मरण, मग धनाचे, हा क्रम ज्यांनी लावून दिला त्यांना माणसाचे आयुष्य नीट कळले होते.

२०२४ ची धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती. त्याच दिवशी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते सत्तर वर्षे आणि त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत आणणाऱ्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाचा शुभारंभ झाला. उत्पन्नाची अट नाही, वय तेवढे आधारवर सत्तर दिसले पाहिजे. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली तेव्हा साडेचार कोटी कुटुंबांतल्या सहा कोटी ज्येष्ठांचा हिशेब मांडला होता. तिथीने आज या योजनेचा वाढदिवस.

बाजारालगतच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका अम्मांचे कार्ड आम्ही पाहिले. वय ८१. फाळणीत सिंधमधून निघाल्या तेव्हा तीन वर्षांच्या होत्या. कार्ड लॅमिनेट करून एका कापडी पिशवीत जपून ठेवलेले. त्याच पिशवीत तीन वर्षांपूर्वीचा ईसीजी होता, त्याच्या कागदावरची रेघ आता उडत चालली आहे. घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली डॉक्टरांची चिठ्ठी होती. आणि बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी होती. तीत चार गोळ्या उरल्या होत्या आणि त्या अम्मा एक दिवसाआड घेत होत्या. नवी चिठ्ठी हवी तर दवाखान्यात जावे लागते, दवाखान्यात जायचे तर जिना उतरावा लागतो, जिना उतरायचा तर कोणाचा तरी हात लागतो. मुलगा नोकरीसाठी पुण्यात. आधारला मोबाइल नंबर त्याचाच जोडलेला. म्हणजे इथे जरीपटक्यात कोणी ओटीपी मागितला की फोन वाजतो तो पुण्यात, भर मीटिंगमध्ये.

पाच लाखांचे कार्ड आणि चार गोळ्या एकाच पिशवीत. आज लिहायचे आहे ते याविषयी.

जरीपटका हे नाव मराठेशाहीच्या निशाणाचे, आणि वस्ती मात्र सिंधमधले घरदार सोडून आलेल्यांची. १९४७ नंतर निर्वासित म्हणून नागपुरात उतरलेल्या कुटुंबांनी इथे आणि खामल्यात नव्याने चुली मांडल्या, दुकाने उभी केली. शेजारी इंदोऱ्याची जुनी कष्टकरी वस्ती, पलीकडे कामठी रोड, कामठीची छावणी, रेल्वेच्या वसाहती. साधा हिशेब करून पाहा. आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडलेले सर्वांत लहान मूलही आज सत्तरीच्या पुढे आहे. म्हणजे फाळणी अंगावर झेललेली जी माणसे जरीपटक्यात हयात आहेत, ती सगळीच्या सगळी या सत्तरीच्या कार्डाला पात्र आहेत. देशाने त्यांच्यासाठी काही करायचे असेल तर त्याला फार वर्षे उरलेली नाहीत.

देशाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२० मध्ये ती केंद्राच्या योजनेशी जोडली गेली आणि जुलै २०२४ पासून राज्यातल्या प्रत्येक शिधापत्रिकाधारक कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. हृदयावरची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार यासाठी शेती किंवा दागिने विकण्याची वेळ या योजनांनी अनेक घरांवरून टाळली आहे. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण या सगळ्या योजनांच्या दारावर एकच शब्द लिहिलेला आहे: भरती. रुग्ण भरती झाला की विमा जागा होतो. आयुष्मान योजनेत भरती होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि सुटी झाल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च धरला जातो. सोळाव्या दिवशी रुग्ण पुन्हा आपला आपण. ओपीडी योजनेत नाही. फोनवरचा सल्ला ही ओपीडीच असल्याने तोही नाही. आता म्हातारपणाचा आजार कुठे राहतो ते पाहा. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, गुडघे, झोप न येणे, लघवीचा त्रास, विसरभोळेपणा. यातले एकही दुखणे माणसाला सहसा भरती करत नाही. ते वर्षानुवर्षे घरात राहते, महिन्याला एक चिठ्ठी मागते, तीन महिन्यांनी एक तपासणी मागते. ती चिठ्ठी चुकत गेली की एका पहाटे तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, आणि मग अँब्युलन्स येते. तेव्हा मात्र विमा धावून येतो, पाच लाखांपर्यंत. पक्षाघाताचा खर्च आम्ही भरू, तो टाळणाऱ्या गोळीची चिठ्ठी तुमची तुम्ही आणा, असा या धोरणाचा आजचा अर्थ आहे. तो अर्थ कोणाच्या मनात नसेलही, पण अम्मांच्या पिशवीत तोच दिसतो.

यावर नेहमी एक उत्तर दिले जाते. ओपीडी विम्यात घेणे परवडत नाही, हिशेब ठेवता येत नाही, जगात कुठे सहज जमत नाही. हे उत्तर नागपुरात तरी देऊ नये. या शहराने ओपीडीचा विमा सत्तर वर्षांपूर्वी पाहिला आहे. कामगार राज्य विमा योजना १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये नागपुरात आली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती आणि शहराचा दिवस मिलच्या भोंग्यावर चालत असे. टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून सुरू होती. त्या विम्यातला कामगार खोकला झाला तरी कार्ड घेऊन दवाखान्यात जात असे, डॉक्टर तपासत, औषध तिथेच मिळे, घरच्यांनाही पुढे त्याचा लाभ मिळाला. भरती होण्याची अट नव्हती. आजही किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी या योजनेतले उपचार घेता येतात. त्या दवाखान्यांच्या स्थितीबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण पायाचा विचार चोख होता: माणूस आजारी पडायला सुरुवात होते तिथे विमा उभा असला पाहिजे. आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने हेच सांगितले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. तिने त्यात भरतीची अट घातलेली नव्हती.

मिल बंद पडल्या, कायम नोकऱ्या गेल्या, आणि दवाखान्याचा विमाही बहुतेकांच्या हातून गेला. आज याच उत्तर नागपुरात कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची, म्हणजे ईपीएस-९५ ची, महिन्याला हजार रुपये किमान पेन्शन घेणारे लोक राहतात. त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे आंदोलने करतात, तेव्हा पेन्शनवाढीच्या जोडीने मोफत वैद्यकीय सोयीची मागणी असतेच. हजार रुपयांत ऑटोचे जाणे-येणे, डॉक्टरांची फी आणि महिन्याच्या गोळ्या कशा बसवायच्या, ते त्यांनाच ठाऊक. देशाच्या आरोग्य खर्चाच्या २०२१-२२ च्या अधिकृत हिशेबातही एकूण खर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून केलेला दिसतो. दहा वर्षांपूर्वी हा आकडा साठच्या वर होता, तेव्हा सुधारणा झाली आहे हे खरेच. जो भाग उरला आहे त्याचा मोठा वाटा दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात जातो.

आता फोनकडे वळू, कारण याच काळात सरकारने दुसरीही एक मोठी वस्तू उभी केली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, ती घरी बसलेल्या रुग्णासाठीही खुली झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावरून दिलेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली, एप्रिल २०२५ पर्यंत ३६ कोटींवर. सल्ला मोफत, चिठ्ठी मोफत. जगात अशी सरकारी सेवा दुसरीकडे शोधावी लागेल.

फोनवरून उपचार करायला आपल्याकडे डॉक्टर बिचकत असत, त्यालाही कारण होते. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रसूतीनंतरच्या मृत्यूच्या प्रकरणात, रुग्णाला न पाहता फोनवर औषध सांगितल्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर ओळखीच्या आजीलाही फोनवर गोळी सांगायला डॉक्टर कचरू लागले. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि धुके बरेचसे विरले. फोन, व्हिडिओ, लिखित संदेश, तिन्ही मान्य. कोणते औषध पहिल्याच सल्ल्यात देता येईल, कोणते फक्त जुन्या रुग्णाला पुढे चालू ठेवता येईल, कोणते अजिबात नाही, याच्या याद्या ठरल्या. रुग्णाच्या वतीने घरचा अधिकृत माणूस बोलू शकतो, हेही त्यात आले. बीपीच्या जुन्या रुग्णाची गोळी पुढे चालू ठेवणे या नियमांत अगदी सहज बसते.

म्हणजे अम्मांच्या पिशवीतल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तयार आहे. मग अडते कुठे? ई-संजीवनीच्या त्याच फेब्रुवारी २०२३ च्या आकड्यांत उत्तर सापडते. लाभार्थींत ५७ टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या, याचा आनंद वाटतो. ज्येष्ठ नागरिक मात्र सुमारे १२ टक्केच. देशाच्या लोकसंख्येत साठीवरील माणसे २०२२ मध्ये १०.५ टक्के होती. ज्यांना डॉक्टरची गरज इतरांच्या कितीतरी पट, त्यांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून जेमतेम दीड टक्क्याने जास्त. जिना उतरू न शकणाऱ्या माणसासाठीच जी सेवा सर्वांत मोलाची, ती त्याच्यापर्यंत गरजेच्या मानाने फारच कमी पोहोचते आहे.

राज्यांचे आकडेही बोलके आहेत. तेव्हाच्या १० कोटींत आंध्र प्रदेशाचे सल्ले ३ कोटी १७ लाख होते, महाराष्ट्राचे ४८ लाखांच्या आत. महाराष्ट्रात स्मार्टफोन कमी आहेत म्हणून असे झाले नाही. ई-संजीवनीचे बहुतांश सल्ले घरून झालेलेच नाहीत. आरोग्य केंद्रातला कर्मचारी रुग्णाला शेजारी बसवतो, बीपी मोजतो, संगणकावर डॉक्टरांना जोडून देतो, औषध तिथूनच हाती ठेवतो, या पद्धतीने ते झाले. म्हाताऱ्या माणसाला फोनइतकाच, किंबहुना फोनपेक्षा जास्त, फोन धरणारा माणूस लागतो. पुण्यातल्या मुलाचा ओटीपी हा त्याला पर्याय नाही.

आणि फोनवरच्या सल्ल्याची ही सोय आली ती सरकारच्या कृपेने. हक्क म्हणून ती आयुष्मान किंवा फुले योजनेत लिहिलेली नाही. हा फरक किती महाग पडू शकतो ते २०२५ मध्ये अमेरिकेत दिसले. तिथल्या पासष्टीवरील लोकांचा सरकारी विमा, मेडिकेअर, १९६५ च्या कायद्यातून आला. करोनाच्या आधी त्यात फोन-व्हिडिओवरचा सल्ला जवळपास फक्त खेड्यातल्या रुग्णाला, आणि तोही दवाखान्यात जाऊन घेतला तरच मिळे. २०२० मध्ये ही बंधने उठली, घरून सल्ला घेता येऊ लागला. कायदा मात्र तात्पुरता राहिला, मुदती वाढत गेल्या. त्यातली एक मुदत ३० सप्टेंबर २०२५ च्या मध्यरात्री संपली, अर्थसंकल्पाच्या भांडणात संसदेने ती वाढवली नाही, आणि १ ऑक्टोबरच्या सकाळी, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या ज्येष्ठांच्या दिवशी, मानसिक आरोग्याचे सल्ले आणि काही थोड्या बाबी वगळता ही सोय बंद झाली, ती काही आठवडे बंद राहिली. मुलांकडे स्थायिक होऊन मेडिकेअरमध्ये गेलेले मराठी आजी-आजोबाही त्यात आले. डॉक्टर होते, फोन होता, रुग्णाला सवय झालेली होती, फक्त कायद्यातली तारीख उलटली होती. आपण आज आपला नियम लिहायला बसलो आहोत तर पहिली ओळ यावरून शिकावी: ज्येष्ठांच्या विम्यात फोनवरचा सल्ला घालायचा तो मुदतीविना.

आपल्याकडे काहींना तो मिळालाही आहे. केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तांच्या सीजीएचएस योजनेने ऑगस्ट २०२० मध्ये दिल्ली परिसरातून दूरसल्ला सुरू केला. संरक्षण दलांतल्या आजी-माजी सैनिकांसाठी मे २०२१ मध्ये ‘सेहत ओपीडी’ आली. कामठीतला निवृत्त सुभेदार घरबसल्या डॉक्टरांशी बोलू शकतो, याचा अभिमान आहे. त्याच रस्त्यावर पुढे राहणाऱ्या, आयुष्यभर किराण्याचे पोते उचललेल्या माणसालाही ते मिळावे, एवढेच म्हणणे आहे.

डॉक्टर मित्रांचा एक आक्षेप आम्हाला महत्त्वाचा वाटतो. फोनवरून पायाची सूज दाबून पाहता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही, चेहऱ्यावरचा पिवळेपणा दिव्याच्या उजेडात कळत नाही. अगदी खरे आहे. म्हाताऱ्या माणसाला वर्षातून दोन-चारदा हात लावून तपासलेच पाहिजे. त्यासाठी इंदोऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे, मेयो रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे. मिहानला एम्स झाले आहे आणि डिसेंबर २०२२ पासून ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो थेट खापरीपर्यंत जाते. मेट्रोत बसायला मात्र आधी घराचा जिना उतरावा लागतो आणि स्टेशनपर्यंत पोहोचावे लागते. शरीर साथ देत नाही त्या दिवशी, किंवा निव्वळ गोळी पुढे चालू ठेवायची आहे त्या दिवशी, ही सगळी यातायात कशासाठी? भेटींमधले बाकीचे महिने फोनने सांभाळावेत. फोन हा दवाखाना बंद करण्याचे निमित्त होणार असेल तर आमचाही त्याला विरोधच राहील.

म्हणून आमची मागणी अगदी साध्या शब्दांत आहे. फुले योजनेत आणि वय वंदना कार्डात सत्तरीवरील माणसाला दर महिन्याला डॉक्टरांचा एक सल्ला हक्काने मिळावा, समोरासमोर किंवा फोनवर, त्याला जमेल तसा. व्हिडिओची सक्ती नको, साध्या बटनाच्या फोनवरचे बोलणेही धरावे, कारण अनेक आजींच्या हाती तोच आहे. त्या सल्ल्याची चिठ्ठी महापालिकेच्या दवाखान्यात चालावी आणि औषध तिथून मोफत मिळावे. औषधाविना सल्ला म्हणजे पुन्हा खिशाला हात. आशाताई किंवा परिचारिका महिन्यातून एकदा बीपीचे यंत्र आणि शुगरची पट्टी घेऊन घरी यावी, तिनेच फोन जोडून द्यावा, आणि या फेरीचे पैसे तिला विम्यातून मिळावेत. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात फुकटचे एक काम वाढवून कोणाचे भले होणार नाही. ओटीपीच्या जागी तिच्यासमोर चेहऱ्याची ओळख चालावी; कार्ड काढताना ती चालते, तर सल्ला घेताना का चालू नये? आणि डॉक्टर रुग्णाच्या भाषेत बोलणारा असावा. जरीपटक्यात मराठी, हिंदी, सिंधी तिन्ही भाषांत दुखणे सांगितले जाते, आणि छातीत होते ते जळजळ की दुखणे, हे माणूस आपल्या भाषेतच बरोबर सांगतो.

खर्चाचा प्रश्न येईल, यायलाच हवा. आधी एका जिल्ह्यात करून पाहावे. नागपुरातच करावे. वर्षभरात सत्तरीवरील किती लोक पक्षाघाताने, हृदयाच्या झटक्याने, वाढलेल्या शुगरने भरती झाले आणि त्याआधीच्या वर्षी किती झाले होते, हे विम्याच्या दाव्यांतूनच कळेल. हिशेब योजनेच्या घरातच पडलेला आहे.

१९५३ च्या नागपूर कराराची आठवण म्हणून बहुतेक डिसेंबरांत विधिमंडळ इथे येते. सिव्हिल लाइन्समधले विधान भवन जरीपटक्याहून फार लांब नाही. उत्तर नागपूरच्या आणि साऱ्या विदर्भाच्या आमदारांनी, मग ते कोणत्याही बाकावर बसोत, या अधिवेशनात फुले योजनेतल्या ज्येष्ठांच्या ओपीडीचा आणि दूरसल्ल्याचा प्रश्न मांडावा आणि मुदत नसलेला शासन निर्णय पदरात पाडून घ्यावा. अधिवेशन सुरू व्हायच्या आत ज्येष्ठ नागरिक मंडळांनी, सिंधी पंचायतींनी, पेन्शनरांच्या संघटनांनी आपली निवेदने त्यांच्या हाती द्यावीत.

आणि वाचकहो, आज बाजारात निघण्याआधी एक काम करा. घरात, शेजारी, वरच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांची पिशवी उघडून पाहा. आधारला कोणाचा नंबर जोडला आहे ते बघा. गोळ्यांची पट्टी मोजा. संपत आली असेल तर त्यांच्या डॉक्टरांना तुमच्या फोनवरून फोन लावून द्या, त्यांचे बोलणे होईपर्यंत शेजारी बसा, आणि दुकान बंद व्हायच्या आत औषध आणून त्यांच्या हातात ठेवा.